यादी ड्रायव्हरच्या हातात

कर्नाटकातल्या निपाणीहून कोल्हापूर साधारण चाळीस किलोमीटर. बेळगाव जवळपास दुप्पट. बेंगळुरू म्हणजे रात्रभराची बस. यातलं आपलं कोणतं, हे १९५६ पासून ठरतंय.

सीमावादावरच्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्या म्हटलं. महाराष्ट्राने अहवालच फेटाळला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात.

किडनी एवढी थांबत नाही.

काढलेलं हृदय चारेक तासांत, यकृत बाराएक तासांत, मूत्रपिंड फार तर दीड दिवसात दुसऱ्याला बसवावं लागतं. म्हणजे प्रत्यारोपण केंद्रं घड्याळ बघून काढायला हवीत. निघतात कुठे? जिथे बिल भरणारे राहतात तिथे.

समजा, तवंदी घाटात अपघात झाला. ॲम्ब्युलन्स कोल्हापूरकडे गेली आणि तिथे जखमी मेंदूमृत ठरला, तर अवयव पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीने वाटले जाणार. बेळगावकडे गेली तर कर्नाटकात अवयववाटप बघणाऱ्या बेंगळुरूच्या ‘जीवसार्थकथे’च्या यादीने. कायदे, नियम, समित्या सगळं आहे.

ठरवतो कोण? ड्रायव्हर.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्लीने अवयवाच्या नोंदणीसाठी अधिवासाची अट काढली. कुठल्याही राज्यात नाव नोंदवा! वाटप मात्र आधी राज्यातल्या राज्यात. त्याच वर्षी महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई भडकले. पेशंटवर उपचार कोणी करायचे यावरून भांडण! एरवी दोन्हीकडची सरकारी खाती पेशंट पुढे ढकलण्यात पटाईत.

आता कोणी पुढारी ‘निपाणीतही ट्रान्सप्लांट सेंटर’ म्हणेल. टाळ्याही पडतील.

नको, साहेब. बेळगावात केएलई रुग्णालयात हृदयसुद्धा बसवतात. जिथे वर्षाकाठी चार शस्त्रक्रिया होतील, तिथे सर्जनचा हात कशावर बसणार? इथे हवा तो धड चालणारा आयसीयू. मेंदूमृत्यूच्या तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तास, आणि तोवर शरीर सांभाळणारी माणसं. प्रत्यारोपण न करता फक्त अवयव काढण्याची परवानगी रुग्णालयाला मिळू शकते, ही सोय कायद्यातच आहे.

पण तिथे फीत कशाची कापायची?

बरं, अवयव एकदाच प्रवास करतो. पेशंट जन्मभर. निपाणीतल्या बिडी वळणाऱ्या बाईला किडनी बसली, फोटो छापून आला. पुढचं कोण छापतं? जन्मभर गोळ्या. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी, म्हणून गर्दी टाळा, धूळ टाळा. राहते कुठे? तंबाखूच्या खकाण्यात. सुरुवातीचे महिने रक्तातली औषधाची पातळी सारखी तपासायची. म्हणजे रोज बुडवायचा, मास्क बांधायचा आणि भरल्या एसटीत उभं राहायचं. शेजारी कोणीतरी खोकतोच.

रक्त निपाणीत काढून नमुना पाठवला तर? रिपोर्ट मोबाइलवर येतो, गोळी कमी-जास्त करायला डॉक्टरांचा एक फोन पुरतो. त्याला ना जमीन लागते, ना कोनशिला. दोन्हीकडच्या आरोग्य खात्यांनी एकदा बोलून घेतलं की झालं.

पण ते बोलणं मराठीत करायचं की कन्नडमध्ये, यावर आधी समिती बसेल.