गोटमारीत न फुटलेली काच

पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीची काच फुटली, तर ती कशी फुटली हे कुणी विचारत नाही. तुम्ही कोणत्या काठाला होता, पांढुर्ण्याच्या की सावरगावच्या, एवढंच विचारतात. मधून जाम नदी. तिच्या पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, झाडाला झेंडा, आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगड. ही आमची गोटमार. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवून नेताना दोघं नदीत अडकले आणि दोन्हीकडून दगड सुरू झाले, अशी दंतकथा आहे. झाड हाती लागलं की ते चंडीमातेच्या देवळात जातं आणि शेकड्यांनी माणसं दवाखान्यात. जमावबंदीचे आदेश निघतात, काठावर डॉक्टर बसतात, अँब्युलन्स उभ्या राहतात. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. गोटमार अजून दगडांचीच आहे, यावरून चेंडूंचं काय झालं ते समजून घ्यावं.

माझी गाडी यांपैकी कुठल्याच काठावर नव्हती. नदीपासून चांगली लांब, सासऱ्यांच्या अंगणात, आंब्याखाली उभी होती. तिची मागची काच एका लाकडी बैलानं फोडली.

मी सौंसरला शाळेत विज्ञान शिकवतो. मास्तरानं एवढी मोठी एसयूव्ही कशाला घ्यावी, हा प्रश्न माझ्या बायकोनं, बँकेनं आणि स्टाफरूमनं वेगवेगळ्या सुरात विचारून झाला होता. माझ्याकडे उत्तर एकच होतं: डिक्की. बंपरखाली नुसता पाय फिरवला की डिक्की आपोआप वर जाते आणि बटण दाबलं की आपोआप खाली येते. गाडी घेतल्यावर जामसावळीच्या मारुतीला नेली. तिथला मारुती निजलेला आहे, म्हणून त्याच्यासमोर तेवढं प्रात्यक्षिक केलं नाही. बाकी सौंसर, लोधीखेडा, रामाकोना, जिथं म्हणून माझा नातलग राहतो तिथं मी बंपरखाली पाय फिरवून आलो होतो. सासुरवाडी मात्र बाकी होती. सासऱ्यांकडे ताडपत्रीची जुनी जीप आहे, तिची मागची काच म्हणजे शिवलेलं प्लास्टिक. त्यांना पोळ्यालाच दाखवायचं असं मी मनात धरून होतो.

पोळ्याला खरे बैल, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी. हा तान्हा पोळा. १८०६ मध्ये नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात, आणि नागपूरकरांच्या बऱ्याच गोष्टींबरोबर तो आमच्याकडेही आला. सासऱ्यांच्या घरी सागवानाचा एक बैल आहे. चाकांवर उभा, माझ्या मांडीला लागेल एवढा उंच, दोघांनी उचलावा इतका जड. शिंगांना पितळी शेंब्या. त्यांपैकी डावी शेंबी सारखी निसटायची, म्हणून सासऱ्यांनी एकदा तिच्यातून भिंतीत ठोकायचा पोलादी खिळा मारून ठेवला होता. खिळ्याचं टोक शिंगाच्या पुढं बोटभर आलेलं. मुलीनं हट्ट धरला की सौंसरच्या आमच्या कॉलनीतल्या तान्ह्या पोळ्याला हाच बैल न्यायचा.

गोटमार रंगायच्या आत निघायचं होतं, नाहीतर रस्ते बंद. मेहुणा म्हणाला, "जिजाजी, वरच्या कॅरियरवर दोरीनं बांधून टाकू." छतावर चरे पडतील म्हणून मी नाही म्हटलं. बैल डिक्कीत चढवला. तोंड मागे, कारण मुलीला सौंसरला पोचल्यावर डिक्की उघडताच त्याचं तोंड दिसायला हवं होतं. अंगणात सासू, सासरे, मेहुणा, शेजारची दोन घरं, सगळे उभे. मी बटण दाबलं आणि मागे न बघता पुढं चालू लागलो. ही चाल मी घरी करून पाहिली होती. डिक्की माझ्यामागे खाली येत राहते आणि मी हात हलवत जातो, अशी.

आवाज फटाक्याचा झाला. वळून पाहिलं तर काच नव्हतीच. बैल होता. अंगणभर खडीसाखर सांडली होती.

आता हेच सगळं मी पोरांना वर्गात शिकवतो. गाडीची पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. दगड लागला तर तिला तडा जातो, पण ती जागेवर राहते. मागची काच वेगळी. तिला सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम थंड करतात. बाहेरचे थर आधी घट्ट होतात आणि आतला नंतर आक्रसतो. मग आतला थर ओढत राहतो, बाहेरचा दाबून धरतो, आणि याच ओढाताणीमुळे ती साध्या काचेच्या कितीतरी पट मजबूत होते. तळहातानं दाबा, बुक्की मारा, काही होत नाही. पण अणकुचीदार पोलादी टोक एका जागी रुतलं आणि बाहेरचा थर भेदला, की कोंडलेली सगळी ताकद एकाच क्षणी सुटते. माणसाला कापू नयेत म्हणून तुकडे बोथट पडतात, हा त्यातला चांगुलपणा. वितळलेली काच पाण्यात टाकून केलेले प्रिन्स रुपर्टचे थेंब सतराव्या शतकात युरोपभर कौतुकाचे होते. त्यांचं डोकं हातोडीनं फुटत नाही आणि शेपटी मोडली की सगळ्या थेंबाचा भुगा होतो. हे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढतो. त्यात बैल काढायचं मला कधी सुचलं नाही.

डिक्कीत काही अडकलं तर ती थांबते, असं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. थांबलीही. काच गेल्यावर थांबली आणि तीनदा बीप वाजवून पुन्हा वर गेली.

सासऱ्यांनी आधी बैलाचं शिंग तपासलं. मग मळ्यातल्या भाजीच्या वाफ्यांसाठी आणलेल्या मल्चिंग पेपरचा तुकडा कापला, एका बाजूनं चंदेरी, दुसऱ्या बाजूनं काळा, आणि चिकटपट्टीनं काचेच्या जागी ताणून लावला. अंबियाच्या संत्र्यांची फळगळ चालू होती, त्यांचं लक्ष बागेत होतं. तरी त्यांनी माझ्यासाठी अर्धा तास काढला. शेवटी पेपरवर एक थाप मारून म्हणाले, "जीपला पंधरा वर्षं चाललं, हे सौंसरपर्यंत चालते."

गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यावर पहिला माणूस भेटला. "गोटमारीत सापडली का, गुरुजी?" मी म्हणालो, "हं." इथं मी खोटं बोललो असं कुणाला वाटत असेल, तर माझं म्हणणं आहे की मी फक्त "हं" म्हणालो. पुढचं सगळं लोकांनी केलं. पेट्रोल पंपावर दगड नारळाएवढा झाला. सौंसरला पोचेपर्यंत मी एका जखमी पोराला दवाखान्यात नेत होतो आणि तेवढ्यात मागून दगड आला, असं माझ्याच कॉलनीतल्या एकानं मला सांगितलं. मी नम्रपणे खाली पाहिलं. मास्तरकीच्या नोकरीत असा मान पुन्हा कधी मिळायचा?

वाटेत पाऊस लागला होता. या गाडीची शहाणी सोय अशी, की पुढचा वायपर चालू असताना रिव्हर्स टाकला तर मागचाही आपोआप फिरतो. वायपरची मोटर डिक्कीच्या दाराला असते. समोर काच आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. घरापाशी गाडी मागे घेतली आणि वायपरनं एका फटक्यात मल्चिंग पेपर उभा चिरला. मुलीनं फटीतून तोंड काढून विचारलं, "पप्पा, बैल भिजते ना!"

संध्याकाळी तान्हा पोळा भरला. माईकवर सगळ्या पोरांना आपापल्या बैलाबद्दल दोन वाक्यं बोलायची होती. आमची कन्या म्हणाली, "हा माह्या आजोबाचा बैल आहे. यानं पप्पाची गाडी फोडली." बैलाला पहिलं बक्षीस मिळालं. माझा नारळाएवढा दगड त्याच मंडपात गडप झाला.

मग काच शोधणं आलं. सौंसरचा आमचा काचवाला जुना माणूस. ट्रकच्या, जीपच्या काचा त्यानं आयुष्यभर बसवल्या: रबराच्या खाचेत सुतळी गुंडाळायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून टेकवायची आणि आतून सुतळी ओढत जायची. सुतळी निघते तसा रबराचा ओठ काचेवर चढतो. बघत राहावं असं काम. माझ्या गाडीच्या चौकटीवरून बोट फिरवून तो म्हणाला, "हे माह्या हातचं नोहे, भाऊ. ही काच चिपकवलेली राह्यते. अन् हे वायर पाहा, काच गरम करायचे." काचेवरचं धुकं घालवायच्या त्या तारांना वीज पोचवणाऱ्या दोन पट्ट्या चौकटीतून लोंबत होत्या. सौंसरच्या मे महिन्यात काच गरम करायला मला आजवर विजेची गरज पडली नव्हती, पण पैसे मी त्याचेही भरले होते.

१९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत आमची राजधानी नागपूर होती. ती भोपाळला गेली, २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. काच मात्र अजून नागपूरलाच मिळते. फोनवर वर्कशॉपनं चेसी नंबर घेतला, आगाऊ पैसे घेतले आणि पुष्कळ दिवसांनी काच आल्याचं कळवलं. काच आली होती खरी. ती याच गाडीच्या खालच्या मॉडेलची होती. तारा होत्या, वायपरचं भोक नव्हतं.

माझ्याबरोबर आलेला मेहुणा म्हणाला, "त्यात काय, ड्रिल मारून घेऊ." तिथला मिस्त्री त्याच्याकडे पाहत राहिला. त्या क्षणी माझ्यातला शिक्षक फार दिवसांनी जागा झाला. ही काच तापवण्याआधीच कापतात, भोकं पाडतात, कडा घासतात. एकदा टफन झाली की ड्रिल टेकवला रे टेकवला, सगळ्या वर्कशॉपभर पुन्हा तेच. मी हे सगळं नीट, फळ्याविना समजावलं. मेहुणा ऐकून म्हणाला, "हे बैलाच्या येळेस नाही आठवलं का?"

परत जाताना सावनेरच्या अलीकडे पोलिसांनी थांबवलं. एमपी २८ ची पाटी, मागे काळंकुट्ट. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या, तेव्हापासून नियम पाठ झालेला आहे: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश गेला पाहिजे, बाजूच्यांतून ५०. हवालदार म्हणाले, "मागं फिल्म लावलीय." मी म्हणालो, "साहेब, फिल्म नाही, काचच नाही." त्यांनी मल्चिंग पेपरला बोट लावलं, बोट आत गेलं. माझ्या मागच्या खिडकीत एकाच वेळी शंभर टक्के आणि शून्य टक्के प्रकाश जात होता, आणि अशा गाडीचं चालान कोणत्या कलमाखाली करायचं हे त्यांनाही ठरवता येईना. शेवटी त्यांनी विचारलं, "गोटमार?" मी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा बाहेर पाहत होता. मी म्हणालो, "हं." त्यांनी जाऊ दिलं.

विम्याचं बघितलं तर काच हा भाग फार सुखाचा. प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. पण १५०० सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीचे २००० रुपये आपल्या खिशातून, आणि एक क्लेम केला की जुन्या गाडीपासून जपत आणलेला ५० टक्के नो क्लेम बोनस साफ. कागदावर तीनदा गणित केलं, तिन्ही वेळा क्लेम न करणंच परवडत होतं. बायकोचं म्हणणं, फॉर्ममध्ये 'नुकसान कसे झाले' असा रकाना असतो म्हणून मी गणित तसं आणलं. गणित बरोबर होतं. तिचंही चुकीचं नव्हतं.

भोक असलेली काच शेवटी आली. मिस्त्रीनं जुना चिकटा कातरला, प्राइमर लावला, काळ्या पुटीची एकसारखी रेघ ओढली आणि दोघांनी चोषक धरून काच टेकवली. काचेच्या कडेला जो काळा पट्टा असतो तो शोभेचा नसतो. उन्हानं चिकटा खराब होऊ नये म्हणून तो काचेतच भाजलेला असतो, हे त्यानं मला सांगितलं आणि मी ते माहीत नव्हतं असं दाखवलं. मग सूचना: चिकटा पुरता धरेपर्यंत गाडी धुवायची नाही, एक खिडकी थोडी उघडी ठेवायची, दारं आपटायची नाहीत, कारण बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. डिक्की? "डिक्की दोन दिवस हातही लावू नका." मी बंपरपासून तीन हात लांब उभा राहिलो.

घरी पोचल्यावर सासऱ्यांना फोन केला. काच बसली म्हणालो. त्यांनी किती लागले ते विचारलं, मी सांगितलं, थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग म्हणाले, "बरं झालं. आता तो बैल पाठवून द्या, जवाईबापू. मेहुण्याच्या पोट्ट्याले पाहिजे."

मी म्हणालो, रविवारी घेऊन येतो.

"नाही नाही," ते घाईनं म्हणाले. "बसनं पाठवा. कंडक्टरले सांगून ठेवतो मी."