परिपूर्ण प्रदक्षिणा

छत्रपती संभाजीनगरच्या तरुणाईला नियोजन जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी गुलमंडीवरची ती बैठक पाहायला हवी होती. विषय होता हरिश्चंद्रगड. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढाई, कोकणकड्यावर मुक्काम, साधले घाटाने उतरून पुन्हा बेलपाडा. नळीची वाट म्हणजे कड्याशेजारची दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ; मधल्या कातळटप्प्यांवर पायांइतकेच हातही लागतात. पावसाळ्यात पाणी याच वाटेने खाली कोसळते. म्हणून जुलैचा मुहूर्त एकमताने ठरला. तेव्हा व्हिडिओ चांगले येतात.

तयारीत कसर नव्हती. बॅनर, टी-शर्ट, ड्रोन आणि स्पीकर यांसाठी स्वतंत्र उपसमित्या नेमल्या गेल्या. दोराचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला. सराव गोगाबाबा टेकडीवर झाला. म्हणजे पायथ्याशी, चहा घेत.

अखेर एका अभ्यासू सदस्याने मूलभूत मुद्दा मांडला. मार्ग वर्तुळाकार असल्याने आरंभ आणि शेवट एकच. म्हणजे जो बेलपाड्यातून हललाच नाही, त्याची मोहीम तांत्रिकदृष्ट्या फत्तेच झालेली असते. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. निघतानाचे आणि परतल्याचे छायाचित्र लागोपाठ काढावे, मध्ये घामासाठी अर्धी बाटली पाणी वापरावे, अशी दुरुस्तीही स्वीकारण्यात आली. दोराचा प्रश्न आपोआप निकाली निघाला.

पुढच्या वर्षी माँ ब्लाँची प्रदक्षिणा आहे. तीन देश, सुमारे 170 किलोमीटर. उपसमितीचा प्राथमिक अहवाल आला आहे: व्हिसा लागणार नाही.