दहा बाय पंधरात नादब्रह्म

टॉवर स्पीकर चांगले की सबवूफर-सॅटेलाइटचा संच, या वादात उडी घेणाऱ्या प्रत्येकाने आधी आपल्या हॉलची मापं जाहीर करावीत, निवडणुकीतले उमेदवार मालमत्ता जाहीर करतात तशी. कार्पेट एरिया सांगावा, सुपर बिल्टअप नको. भांडण सगळं बासवरून चालतं आणि बासला बिल्डरचं ब्रोशर वाचता येत नाही.

पक्ष दोनच. पहिला टॉवरवाल्यांचा. छातीपर्यंत येणारे दोन खांब टीव्हीच्या दोन अंगांना उभे केले की आपलं संगीतप्रेम पाहुण्यांना चपला काढतानाच दिसतं. दुसरा सॅटेलाइटवाल्यांचा. यांना गाणं हवंय, स्पीकर नकोत. इंटिरिअरवाल्याने पीओपी करतानाच वायरी भिंतीत गाडल्यात आणि सबवूफरचं डबडं सोफ्यामागे ढकललंय. एकाने दिसावेत म्हणून घेतले, दुसऱ्याने दिसू नयेत म्हणून. कानांना कुणी विचारलं?

आधी टॉवरवाले. उंच स्पीकर म्हणजे जास्त बास, हा समज दुकानदार मोडत नाही. त्याचं पोट त्यावर आहे. बास येतो हवा किती हलते यातून. एक सप्तक खाली उतरायचं आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर वूफरच्या शंकूला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. म्हणून पूर्वी 12 इंची वूफर आणि कपाटाएवढी पेटी असायची. आजचा टॉवर सडपातळ. त्यात साडेसहा इंची वूफर दोन. शाळेतलं गणित करा: 10 चा वर्ग 100, साडेसहाचा सव्वाबेचाळीस, दुप्पट केला तर साडेचौऱ्याऐंशी. म्हणजे दोघे मिळूनही एका 10 इंचीला पुरे पडत नाहीत. स्वस्तातल्या टॉवरमध्ये तर वरच्या अर्ध्यात बुकशेल्फ स्पीकर असतो आणि खाली लाकडी पोकळी. स्टँडचे पैसे वाचले, एवढाच फायदा.

आणि टॉवर खरोखर चांगला निघाला, 35 हर्ट्झपर्यंत उतरणारा, तर संकट आणखी मोठं. त्याच्या पाठीला भोक असतं, म्हणून त्याला भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ठेवा असं माहितीपुस्तिका सांगते. ती लिहिणाऱ्याने पुण्यातला टू बीएचके पाहिलेला नाही. हॉल दहा बाय पंधरा. एकीकडे बाल्कनीचं सरकतं दार, दुसरीकडे बेसिनकडे जायची वाट. तीन फूट पुढे घेतला की स्पीकर टीपॉयला टेकतो. शेवटी तो कोपऱ्यात जातो, भिंतीला पाठ लावून, आणि कोपरा बास फुगवतो. त्यात खोलीचे स्वतःचे हट्ट. पंधरा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंती 37-38 हर्ट्झला घुमतात, दहा फुटांवरच्या 56 ला. आणि छत दहा फुटांवर असेल तर तेही 56 चीच री ओढतं. कुणी डबल बास वाजवो की पखवाज, खोली आपले दोन सूर सोडत नाही.

टॉवरच्या डोक्यावर मनीप्लांट ठेवू नये असं पुस्तिकेत नसतं, म्हणून ठेवतात. खाली नातू वूफरच्या मधली टोपी बोटाने आत दाबतो. ती बाहेर काढायचे सेलोटेपपासून व्हॅक्यूम क्लीनरपर्यंतचे उपाय पुष्कळ घरांत करून झालेले आहेत.

सॅटेलाइटवाल्यांनी इतक्यात हसू नये. 1957 साली अमेरिकेत केएलएच नावाची स्पीकर कंपनी निघाली. त्यातला ‘एच’ म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्यांचा नियम आजही लागू आहे: छोटी पेटी, खोल बास आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिनांतली दोन मागा, तिसरी मिळायची नाही. सबवूफरने तिसरीवर पाणी सोडलं. म्हणून त्याच्या पोटात वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला वेगळा प्लग. इथवर व्यवहार चोख. 1987 साली अमर बोस यांच्या कंपनीने चिमुकले चौकोनी स्पीकर आणि लपवून ठेवायची बासपेटी असा संच आणला, आणि बऱ्याच दिवाणखान्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

गोम पुढेच आहे. आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही ते साधारण 80 हर्ट्झच्या खाली. तिथे पेटी सोफ्यामागे असली काय नि देवघराखाली असली काय, फरक पडत नाही. पण अडीच-तीन इंची पिटुकला स्पीकर 80 पर्यंत उतरतच नाही. तो दीडशे-दोनशेलाच हात टेकतो आणि त्याखालचं सगळं पेटीच्या गळ्यात मारतो. आता पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकमध्ये जुळवा. जोडाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झ, पंचम 104, खर्ज 69. चारही तारांचे मूळ स्वर सोफ्यामागून आणि जवारीतून उठणारे उपस्वर छताजवळच्या कोपऱ्यातून. गवयाची गत याहून वाईट. मंद्रात उतरले की बुवा उठून सोफ्यामागे जाऊन बसतात आणि तान घ्यायला परत भिंतीवर चढतात.

असल्या संचांच्या खोक्यावर ‘पीएमपीओ 3000 वॅट’ असं ठसठशीत छापलेलं असायचं. घरातल्या 6 अँपिअरच्या सॉकेटमधून 230 व्होल्टला सलग 1380 वॅटच निघतात. उरलेले कुठून आणणार, हे ना लॅमिंग्टन रोडला कुणी विचारलं ना टापकीर गल्लीत.

मला विचाराल तर (विचारत कुणी नाही, पण सदर माझं आहे) साडेसहा इंची बुकशेल्फची जोडी घ्यावी, ट्वीटर कानाच्या उंचीला येईल अशा स्टँडवर ठेवावी, आणि 80 हर्ट्झला तोडलेला एक बरा सबवूफर जोडावा. हा पर्याय फारसा खपत नाही, कारण तो धड मिरवता येत नाही नि धड लपवता येत नाही. शिवाय सबवूफरची जागा शोधावी लागते. त्याची रीत अशी: सबवूफर उचलून सोफ्यावर आपल्या नेहमीच्या जागी ठेवायचा, भरपूर बास असलेलं काहीतरी लावायचं आणि स्वतः भिंतीकडेने जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल, तिथे पेटी ठेवायची. चेष्टा नाही, रीत शास्त्राला धरून आहे आणि तिचा उपयोगही होतो. पण साठीतला गृहस्थ दिवेलागणीला टीव्ही युनिटभोवती रांगतोय आणि सोफ्यावर काळी पेटी ऐसपैस बसलीये, हे देवापुढे दिवा लावून बाहेर आलेल्या सासूबाईंना कोण समजावणार?

जागा सापडली की पहिलं काम म्हणजे सबवूफरचं बटण पिळणं. पैसे दिलेत तर ऐकू यायला नको? खरं तर तो चालू असताना लक्षात येऊ नये आणि बंद केला की चुकल्यासारखं वाटावं, इतपतच हवा. पण तेवढ्याने जीव रमत नाही. मग 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम घेऊन खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. निवासी भागात रात्री 45 डेसिबल, हा आकडा त्यांना पाठ असतो. स्लॅबमधून शब्द उतरत नाहीत, ठोका तेवढा उतरतो. वर ‘झिंगाट’ असो की हरिपाठ, काकांच्या वाट्याला फक्त ढप्प.

आणि हे सगळं कशासाठी? भोंग्यासमोर गाऊन भरलेल्या 1925 आधीच्या तबकड्यांत खालच्या सुरांचा भाग जवळजवळ नाहीच. त्या ऐकायला 12 इंची सबवूफर घेणारे रसिक आहेत. त्यांना ऐकू येते ती तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर, तीही अगदी खर्जात.

दुकानातल्या डेमोत यातलं काही उघड होत नाही, कारण तिथे ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजत असतं. 1994चं, मैफिलीतलं, ज्यात सुरुवातीच्या गिटारींमधून अचानक एक जाड ठोका पोटात बसतो. सकाळी अभंग, दुपारी नाट्यगीत आणि रात्री बातम्या ऐकणारा माणूस त्या ठोक्यावर भाळून चेक फाडतो. एकदा आपला एखादा विलंबित ख्याल पेन ड्राइव्हवर नेऊन लावायला सांगा. तंबोरा चार वेळा छेडला जाऊन षड्ज लागतो न लागतो, तोच विक्रेता रिमोट उचलतो: “साहेब, यात सिस्टीम कळत नाही.”