अठरा दिवसांचा जर्मन

महाभारताचं युद्ध अठरा दिवस चाललं आणि त्याची कथा अजून सांगून संपलेली नाही. आमच्या बुऱ्हाणपूरकडच्या जसोंडीच्या जर्मनीवाल्याचं समर स्कूलही अठराच दिवसांचं. कमीत कमी अठरा दिवस आणि आठवड्याला पंचवीस तासिका, असा ‘डाड’ या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेचा नियमच आहे. तो मात्र “मी जर्मनीत होतो तेव्हा” असं ज्या सुरात म्हणतो, त्यावरून हिटलर पडला तेव्हा हा तिथेच होता की काय, अशी नव्या माणसाला शंका येते.

मूळचा हा केळीवाल्याचा पोरगा. पुण्याला शिकायला गेला आणि कॉलेज सांभाळून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनला बसायला लागला. त्याच्या वडिलांना, आबांना वाटलं, पोरगं कंप्युटरचं काही करतंय. मग एका जूनमध्ये, ऐन मृगबागेच्या लावणीच्या तोंडावर त्यानं फोन केला की जर्मनीत हायडेलबर्गला उन्हाळी अभ्यासक्रमासाठी निवड झाली, पैसे ‘डाड’च देणार. गावानं यातलं अर्धंच ऐकलं. “सुट्टीत शाळा? नापास झालं काय पोरगं?” असं आबांना पारावर दोघातिघांनी हळहळून विचारलं.

उन्हाळी शाळेला परदेशी जाऊन येणाऱ्या या जातीचे उपप्रकार बरेच आहेत. १९५१पासून आल्प्सच्या कुशीत लेझूश इथे भौतिकशास्त्र शिकायला जाणारे वेगळे. ते परत आल्यावर बोलतच नाहीत. १९६२पासून दर उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सर्नमध्ये जाणारे वेगळे. ते बोलतात, पण कळत नाही. स्वतःची भरभक्कम फी भरून लंडनला तीन आठवड्यांचं अर्थशास्त्र करून येणारे तर फक्त सर्टिफिकेटची फ्रेम दाखवतात. भाषा शिकायला गेलेला तेवढा भेटेल त्याला धरून बसवतो, कारण बोलण्याचीच तालीम करून आलेला असतो.

परतल्यावर पहिला महिना गावाला जड गेला. लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा, म्हणून हा सव्वाबाराला मांडवात हजर. मांडवात तो आणि मंडपवाला. नवरदेव वाजतगाजत येईपर्यंत यानं मंडपवाल्याच्या बरोबरीनं सगळ्या खुर्च्या मांडून टाकल्या. मंडपवाला अजून त्याला सीझनला बोलावतो. घरात कचऱ्याचे चार डबे आले, आणि ओल्या कचऱ्याच्या डब्याशी म्हशीचं सख्य जमलं. पण कहर झाला बाटल्यांचा. जर्मनीत पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात, हे त्यानं पारावर इतकं रंगवून सांगितलं की दुसऱ्या सकाळी गल्लीतली पोरं पोतंभर बाटल्या घेऊन दारात उभी. “दादा, जर्मनीचे पैसे दे.” आईनं प्रत्येकाला एकेक केळं देऊन बोळवण केली. पोरं दुसऱ्या दिवशी परत आली.

त्याची खरी कमाई म्हणजे तिथलं मित्रमंडळ. त्यांची नावं घरच्यांच्या जिभेला पेलेनात, म्हणून सोयीसाठी सगळ्यांना देशांच्या नावानंच हाक मारायची असं ठरलं. तेव्हापासून त्या घरातलं बोलणं बाहेरच्यानं ऐकू नये असं झालंय. “जॉर्जियाला मुलगी झाली.” “इटलीचं अन् कोरियाचं पटत नाही म्हणे आताशा.” “इजिप्तला नोकरी लागली, पण पगार काही खास नाही.” एकदा आजी ओट्यावर बसून शेजारणीला म्हणाली, “उझबेकिस्तान लई गुणाचा गं, मले रोज सकाळी नमस्ते पाठवते,” तेव्हा समोरून जाणाऱ्या पटवारीसाहेबांनी मोटरसायकल थांबवून चौकशी केली.

अठरा दिवसांत एवढी माया कशी जमते, याचं त्याच्याकडे उत्तर आहे आणि ते मला पटतं. सगळ्यांचं जर्मन सारखंच कच्चं. बी-वन पातळीच्या जर्मनमध्ये टोमणा मारता येत नाही. आपलं घराणं, बापाची जमीन, कॉलेजचा दबदबा आडून सुचवायचा, तर तेवढे शब्द नसतात. मला भूक लागली, मला घर आठवतं, तुझी बहीण काय करते, हा धडा मला कळला नाही – एवढंच बोलता येतं, आणि एवढ्या भांडवलावर माणसाला खोटं वागणं परवडत नाही. भांडायला निघालं तरी पोटवाक्यात क्रियापद शेवटी ठेवायचं हे आठवेपर्यंत राग निवतो. (आपण मराठी लोक जन्मापासून क्रियापद शेवटी ठेवतो आणि तरी निभावून भांडतो, ती साधना वेगळी.)

बाकीचं वसतिगृहाच्या सामाइक स्वयंपाकघरात झालं. भात कसा शिजवावा यावर इजिप्त, कोरिया आणि जसोंडी यांच्यात तीन रात्री वाटाघाटी झाल्या. यानं बुऱ्हाणपूरचा दराबा हा गोड पदार्थ नेला होता. तो फेसाळ पांढुरका गोळा पाहून कोरियानं आधी हाताच्या पाठीला लावून पाहिला. मग चाटला. डबा त्या रात्रीच संपला.

हायडेलबर्गबद्दल मात्र तो आजोबांपुढे जपून बोलतो. तिथलं विद्यापीठ १३८६चं, म्हणजे नासिर खान फारुकीनं बुऱ्हाणपूर वसवलं त्याच्या आधीचं, हे म्हाताऱ्याला अजून सहन झालेलं नाही. “पण मुमताजमहल कुठं वारली? तिकडे की इकडे?” असं ते विचारतात आणि विषय संपवतात. कवी इक्बाल १९०७ साली हायडेलबर्गला जर्मन शिकले, नेकार नदीवर त्यांनी कविता लिहिली, आज नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. आमच्या जर्मनीवाल्यानं त्याच काठावर व्हिडिओ केला. तो घरच्यांनी पाहिला. आजीला त्यातलं काही भावलं नाही. तिला आवडली ती गुंथर सोन्थायमर यांची गोष्ट. याच विद्यापीठातले हे प्राध्यापक खंडोबाचा आणि धनगरांचा अभ्यास करत महाराष्ट्रभर हिंडले होते. “जर्मन माणूस आपल्या देवामागं हिंडला,” आजी म्हणाली, “अन् आपलं पोरगं दुकानातल्या बाटल्यांमागं.”

आबांचा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच होता. तिकडे केळी काय भावानं आहे? पोरानं किल्ल्याचे ढीगभर फोटो पाठवले. आबांनी उलट टपाली विचारलं, केळी कुठंय? शेवटी त्यानं दुकानात जाऊन फणीवरच्या चिकटपट्टीचा फोटो काढला. इक्वेडोर. जर्मनीत केळीचं एक खोड पिकत नाही, पण हौस दांडगी. १९५७ साली युरोपच्या सामाईक बाजाराचा करार होत असताना चॅन्सेलर आडेनाउअर केळ्यांवर अडून बसले आणि बिनजकातीच्या केळ्यांची वेगळी तरतूद पदरात पाडून घेतली. बर्लिनची भिंत पडली तेव्हा पूर्वेकडचे लोक पश्चिमेत येऊन केळी घेत होते. हे ऐकल्यावर आबांच्या मनात जर्मनांविषयी प्रथमच आदर निर्माण झाला. जगातली पाव हिस्सा केळी आपण पिकवतो आणि निर्यातीत पहिला नंबर इक्वेडोरचा, हे कळल्यावर मात्र तो आदर मावळून तिथे संशय आला.

आणि वर्गात एक इक्वेडोर होतीच. तिच्या वडिलांची केळीची बाग.

व्हिडिओ कॉल ठरला. आबा खास शेतात जाऊन बसले, मागे ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेले घड. तिकडेही तसेच घड, तशाच पिशव्या. दोन्हीकडे जात एकच, कॅव्हेंडिश. आबा बोलायचे ते पोरगा जर्मनमध्ये सांगायचा, मुलगी ते स्पॅनिशमध्ये बापाला सांगायची, आणि उत्तर त्याच वाटेनं परत. ज्या भाषेच्या मुलखात एक केळ पिकत नाही, तिला दोन केळीवाल्यांच्या मध्ये दलाली मिळाली, हे आबांना रीतीला धरूनच वाटलं.

घडाचं वजन झालं, खतं झाली, वादळात बाग आडवी होते ते झालं. तिकडे सुमारे १९ किलोच्या पेटीला सरकार किमान भाव ठरवून देतं, हे कळल्यावर आबा खोडाला टेकले होते ते ताठ झाले. “विचार त्याले, सरकारनं ठरवेल भाव व्यापारी देतो का?”

प्रश्न गेला. तिकडच्या बापानं टोपी काढली. मग तो बोलायला लागला. हात उडाले, आवाज चढला, एकदा त्यानं खोडाला लाथही मारली. बऱ्याच वेळानं थांबला. मुलीनं थोडं जर्मन सांगितलं. पोरगा म्हणाला, “आबा, ते म्हणतात, कधी कधी देतो.”

“एवढा बोलला तो!” आबा खवळले. “मधल्या शिव्या कुठं गेल्या? त्या सांग मले.”

शिव्यांना सी-वन पातळी लागते, असं जर्मनीवाल्याचं म्हणणं पडलं.