चांगलं लाकूड

बांबेर्ग, सोमवार, कुकर लावून

आई-बाबा,

सगळ्यात आधी एक खुलासा. शनिवारी संध्याकाळी मी गुत्त्यात नव्हते. म्हणजे होते, पण गुत्त्याच्या खाली, तळघरात. आणि एकटी नव्हते, जावईबापू आणि ओवी बरोबर होते. आई, तुला फोनवर धाडधाड आवाज आला, मग वीसेक पुरुष एकदम ओरडले, आणि मी "आत्ता नको गं, ठेव" म्हणून फोन कापला, एवढ्यावर तू बंड्याला रात्री साडेनऊला जेवणावरून उठवून मला तीन मेसेज करायला लावलेस. तिसऱ्यात "पोलिसांना कळवू का" असं होतं. कुठल्या पोलिसांना? विश्रामबागच्या?

बाबांना मोतीबिंदूनंतर मोबाईलवरचं बारीक वाचवत नाही, म्हणून हे कागदावर, ठसठशीत अक्षरात लिहितेय. मोठ्यांदा वाचा, म्हणजे सुमाकाकूलाही ऐकू जाईल. नाहीतरी ती भिंतीला कान लावून असतेच. काकू, गुडघा कसा आहे? व्यायाम करा, नुसता शेक घेऊन चालत नाही.

तर पहिल्यापासून सांगते.

इथे रविवार पाळतात. आपण एकादशी पाळतो त्याहून कडक. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पिंपात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळ आवाज होतो. आमच्या इमारतीच्या नियमांत तर रोज दुपारी एक ते तीनसुद्धा शांतता आहे. म्हणजे सुट्टीच्या दिवशी, घरात सगळे असताना, मिक्सर लावायचा नाही. ओल्या नारळाची चटणी करायची तर शनिवारी करून ठेवायची आणि रविवारी शिळी खायची. मी एकदा मिक्सर दुलईत गुंडाळून लावला. मिक्सर तापला, दुलईला खोबऱ्याचा वास लागला, आणि मिलिंद तीन रात्री "मोदक खाल्ल्यासारखं वाटतंय" म्हणत झोपला.

आता बाबा, तुम्ही ओवीला दिलेला छोटा कॅरम आठवा. मार्चमधल्या एका रविवारी भर दुपारी बापलेकीने तो मांडला. स्ट्रायकरची टकटक. दहाव्या मिनिटाला दारावरची बेल. खालच्या मजल्यावरचे आजोबा, वय 79, हातात नियमांचा छापील कागद, दुसऱ्या परिच्छेदाखाली लाल रेघ मारलेली. मिलिंद सॉरी म्हणतोय, मी सॉरी म्हणतेय, आणि आजोबांची नजर आमच्यावर नाहीच. ती बोर्डावर. आत आले, चष्मा वर केला आणि बोटाने पांढऱ्या सोंगट्या मोजल्या. नऊ. काळ्या मोजल्या. नऊ. मधली लाल राणी बघितली आणि खुर्ची ओढून बसले. साडेचारपर्यंत उठले नाहीत. जाताना तक्रार तर बाजूला राहिलीच, वर एक डबा भडंग घेऊन गेले. तुझ्या पार्सलमधला, आई. म्हणून परवा फोनवर मी "भडंग संपलं" म्हणाले. तुला वाटलं मिलिंदने संपवलं. बिचाऱ्याच्या नावावर उगाच पडलं.

पुढच्या आठवड्यात आजोबांचं त्यांच्या खुंट्या पाडायच्या खेळाच्या क्लबात यायचं आमंत्रण आलं : "मिट किंड उंड केगेल या." किंड म्हणजे मूल. केगेल म्हणजे ते पाडतात त्या खुंट्या. मी म्हटलं, ठीक आहे, खेळाचा क्लब आहे म्हणून असं म्हणत असतील. तर ओवीने शाळेत विचारून आणलं की हा वाक्प्रचार आहे, "सगळा कुटुंबकबिला घेऊन या" असा, आणि त्यातला केगेल वेगळा, जुन्या भाषेतला, म्हणजे लग्नाबाहेरचं मूल. मी मिलिंदला विचारलं, आपल्याकडे त्या खात्यात कोणाला न्यायचं? त्याने दोन तास माझ्याशी बोलणं टाळलं. नानामामांना हा विनोद सांगू नका, ते लग्नात सांगतील.

(कुकर झाला. भाताला फोडणी दिली. पुढे.)

बाबा, तुम्ही म्हणालात, "म्हणजे ते मॉलमधलं बाटल्या पाडायचं." नाही. त्यात दहा असतात आणि चेंडूला बोटं घालायला भोकं असतात. इथे नऊ, आणि चेंडू गुळगुळीत, 16 सेंटिमीटरचा, तीन किलोला जरा कमी. तळहातावर घ्यायचा, अगदी लाडवासारखा. रेषेपासून पहिली खुंटी साडेएकोणीस मीटरवर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून थोडी जवळ. नऊ खुंट्या चौकटच्या एक्क्यासारख्या उभ्या, मधोमध राजा. प्रत्येकीच्या डोक्याला दोरी, पडल्या की यंत्र वर ओढून पुन्हा उभ्या करतं, कळसूत्री बाहुल्यांसारख्या. पूर्वी हे काम पोरं करायची. आजोबांनी लहानपणी खाऊच्या पैशांसाठी केलंय आणि नडगीवरची खूण ते मोजा खाली करून सगळ्यांना दाखवतात. बाबा जशी आणीबाणीतली दाखवतात तशी.

खेळायच्या आधी एकमेकांना म्हणायचं "गूट होल्त्स", म्हणजे "चांगलं लाकूड". खुंट्या आता प्लास्टिकच्या, पण गुण अजून लाकडात मोजतात : याची पाचशे लाकडं झाली, त्याची सहाशे. पहिल्या दिवशी आजोबांनी मिलिंदचा हात धरून, डोळ्यांत बघून, चांगलं लाकूड चिंतलं. आपल्याकडे कोणी असं म्हणालं तर आपण त्याला घरातून हाकलू. "किती लाकडं लागली" हा प्रश्न आपण फक्त एकाच ठिकाणी विचारतो. मिलिंद हसून थँक्यू म्हणाला आणि पहिला चेंडू नाल्यात घातला.

नाल्यात गेला की त्याला पूडेल म्हणतात, म्हणजे कुरळ्या केसांचा कुत्रा. दर कुत्र्याला 50 सेंट दंड, पत्र्याच्या डुकरात टाकायचे. जावईबापूंनी पहिल्या संध्याकाळी 23 कुत्रे सोडले. साडेअकरा युरो. आई, रुपयांत करू नकोस, मी करून पाहिलं आणि दोन दिवस कोथिंबीर घेतली नाही. या पैशांतून मंडळींची वर्षाची सहल निघते. यंदा ते म्हणाले, लांब जाऊ या.

ओवी मात्र चांगली खेळते. परवा तिने आठ पाडल्या आणि मधला राजा तेवढा उभा ठेवला. त्याला क्रान्त्स म्हणतात, म्हणजे हार, आणि गंमत अशी की हौशी खेळात नऊपेक्षा जास्त कौतुक याचं. सगळा दरबार आडवा आणि राजा जागेवर. मला नानामामांची पतसंस्थेची निवडणूक आठवली. त्यांच्या पॅनेलचं काय झालं पुढे? बंड्या नुसता "राडा" एवढाच मेसेज करतो.

आता शनिवारचं. या खेळाची जागतिक स्पर्धा चालू होती, पुरुष एकेरी. सांघिक एका वर्षी आणि एकेरी-दुहेरी दुसऱ्या वर्षी, असं चालत आलंय. 2016 ची क्रोएशियात नोव्हिग्रादला होती, 2018 ची रोमानियात क्लुज-नापोकाला. क्लुजला आजोबा बसने गेले होते, तिकडची टोपी अजून घालतात. सर्बियाच्या व्हिल्मोश झावार्कोचं नाव ते तुम्ही गावसकरांचं घेता तसं घेतात, आधी थांबून. अनेकदा जगज्जेता झालेला माणूस. आपल्याला तर नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

तळघरात भिंतीवर पडदा लावला होता. मला वाटलं आरडाओरडा असेल. कसला! पारायणाला बसल्यासारखे बसले होते. खेळाडू ओल्या स्पंजावर बोटं टेकवतो, चेंडू उचलतो, चार पावलं जातो आणि खाली वाकून चेंडू फळीवर ठेवतो. टाकत नाही, ठेवतो. पाळण्यात झोपलेलं मूल ठेवावं तसा, आवाज न करता. मग तो चेंडू जातो तो जातोच. रेषेपुढे पाय पडला तर फुटबॉलसारखं पिवळं कार्ड.

एका माणसाला 120 फेका, चार पट्ट्यांवर तीस-तीस. पहिल्या पंधरा फेकांना दर वेळी नऊच्या नऊ उभ्या. नुसता जोर आणि नेम. पुढच्या पंधरांना पडलेल्या परत उभ्या करत नाहीत, उरलेल्या साफ करायच्या, मगच नवीन नऊ. खरा खेळ इथे. सहाशे लाकडं झाली की माणूस चांगला, साडेसहाशे झाली की टोपी काढायची. म्हणजे सरासरी फेकीला पाच-साडेपाचच. मी म्हटलं, एवढंच? आजोबा म्हणाले, "कोपऱ्यातली शेवटची एकटी खुंटी पाड, मग बोल."

बाद फेरीत दर तीस फेकांना ज्याची लाकडं जास्त त्याला एक गुण. त्यामुळे असं होतं की एकाने एकूण जास्त पाडल्या, पण तीन पट्ट्यांवर एकेक-दोनदोनने मागे राहिला, आणि हरला. मतं जास्त, जागा कमी. हे मात्र मला कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, मी सांगलीची आहे.

आणि बाबा, ती साफसफाई बघताना मला सारखे तुम्ही दिसत होता. मागच्या कोपऱ्यात एक खुंटी. खेळाडू चेंडू हातात घेऊन नुसता उभा, घाई नाही. तुम्ही शेवटच्या सोंगटीला असंच करता. स्ट्रायकर रेषेवर इकडून तिकडे सरकवता, फुंकर मारता, मग "चहा टाकला का गं" विचारता, आणि आई "आधी मारा" म्हणते. एकेरीत शेजारी कोणी नसतं. चुकलं तर "तू कव्हर का नाही दिलंस" म्हणायला जोडीदार नाही. त्या माणसाचे खांदे पडद्यावर एवढे मोठे दिसत होते, आणि खांद्यांवर सगळं लिहिलेलं होतं.

आई, मागच्या महिन्यात तू सहज बोलून गेलीस की जोशीकाका पुण्याला मुलाकडे गेल्यापासून बाबा रात्री बोर्ड मांडतात आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळतात. मारतात, उठतात, समोरच्या खुर्चीत जाऊन बसतात, परत मारतात. तू हसत सांगितलंस. मीही हसले. मग मला मिक्सर लावायचा आहे म्हणून मी फोन ठेवला. रविवार होता, आई. मिक्सर लावायचा नव्हता.

असो. तर शेवटची पट्टी, शेवटच्या दोन-तीन फेका, तळघरात कोणी श्वास घेत नाही, चेंडू फळीवर ठेवला गेला, निघाला, आणि माझा फोन वाजला. "आई". तो आवाज ऐकून वीस माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि तेवढ्यात पडद्यावर जे व्हायचं ते होऊन गेलं. आरोळी तुला ऐकू आली ती पडद्यावरच्या माणसासाठी नव्हती, तुझ्यासाठी होती. आजोबांनी टोपी काढून टेबलावर आपटली. मग विचारलं, कोण होतं? म्हटलं, माझी आई, भडंगवाली. लगेच राग गेला. म्हणाले, तिला माझं गूट होल्त्स सांग. सांगितलं. मनाला लावून घेऊ नकोस.

आता तुमच्या पत्राला उत्तरं, ओवीला आणायला जायचंय. बंड्याला मिरजेची मुलगी बघू द्या, "फार बोलते" हे काही कारण नाही, आपल्याकडे कोण कमी बोलतं? देशपांड्यांनी गच्चीवर पत्रे टाकले तर टाकू देत, आपल्या आंब्यावर ऊन येतंय ना, मग गप्प बसा. इथे हापूसची डझनाची पेटी 40 युरोला दिसली. मी वास घेऊन परत ठेवली. दुकानदार बघत होता. पुढच्या पार्सलात बेदाणे कमी आणि भडंग दुप्पट, आजोबांच्या वाट्याचं वेगळं बांध. मेतकूट पोचलं, पण कस्टममध्ये उघडून बघितलेलं दिसतंय. बघणाऱ्याला शिंक आली असणार, चिकटपट्टी तिरकी लागलीय.

आणि एक, जे फोनवर सांगायचं नाही असं मिलिंदचं आणि माझं ठरलं होतं. तिकिटं काढली. 14 ऑगस्टला सकाळी मुंबईत उतरतोय, रात्रीपर्यंत सांगलीत. गणपती करूनच परत. बाबा, माळ्यावरचा मोठा बोर्ड तुम्ही काढू नका, कंबर धरेल. मिलिंद काढेल. पावडर तेवढी आणून ठेवा, आणि समोरची खुर्ची रिकामी ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. शनिवारी कोण जिंकलं ते आजोबा अजून सांगत नाहीत. म्हणतात, आईला विचार.