लॉटशेठ

भिवंडीत कल्याण नाक्यापासून काल्हेरपर्यंत कुठल्याही टपरीवर उभे राहा. फोन स्पीकरवर टाकून, पापड भाजल्यासारखा तो तोंडासमोर उलटासुलटा करणारा एक गृहस्थ दिसतोच. फोनमधून बासरी वाजत असते. मधूनच एक बाई येऊन ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं सांगून जाते. हा मान डोलावतो, कटिंग मागवतो आणि पुन्हा बासरी ऐकतो. हा लॉटशेठ.

लोकांनी घरी मागवून परत पाठवलेला माल कंपन्या सुटा विकत बसत नाहीत. लॉट बांधतात आणि ऑनलाइन बोलीला लावतात. मिक्सर, इस्त्र्या, स्पीकर, डाव्या पायाचे बूट. लॉटशेठ तो घेतो, दुरुस्त करतो आणि बाजारात सोडतो. अटींच्या यादीत पहिलंच वाक्य असतं, ‘माल जसा आहे, जिथे आहे’. एवढं एक वाक्य वाचलं तरी पुढचं सगळं टळेल. पण अटी वाचून बोली लावणारा माणूस भिवंडीत अजून जन्माला यायचा आहे.

बोली संध्याकाळी पाचला बंद होते, असं आपलं म्हणायचं. शेवटच्या मिनिटाला कुणी आकडा वाढवला की वेळही वाढते. आतून आवाज येतो, “अहो, मंडईत जाणार होतात ना?” लॉटशेठला मंडई दिसत नाही, फक्त बिडर क्रमांक 7 दिसतो. त्याला धडा शिकवायचाच, म्हणून तो आणखी हजार चढवतो. सात वाजता लॉट पदरात पडतो. बिडर क्रमांक 7 हा नारपोलीचा आपला सख्खा मेहुणा होता, हे पुढच्या लग्नात कळतं.

खरी मौज त्यानंतर. लॉट पडलेला असतो दापोड्याच्या गोदामात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून इथे गोदामं वाढली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, आणि कंपन्यांना राज्याराज्यात छोटी गोदामं ठेवायची गरज उरली नाही. मग आमच्या भाताच्या खाचरांवर एकेक पत्र्याची छपरं अशी उभी राहिली की या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येऊ नये. त्यातलं एक छप्पर खुद्द लॉटशेठच्या आजोबांच्या खाचरावर आहे. दरमहा भाडं त्यालाच येतं. त्याचा लॉट नेमका तिथेच आहे, गच्चीवरून छप्पर दिसतं, पण फाटकात वॉचमन विचारतो, “शेठ, मेल आया क्या?” माल सोडण्याची ऑर्डर परराज्यातल्या कचेरीतून यायची असते. ती येते उशिरा, आणि मुदतीत माल उचलला नाही म्हणून जागेचं भाडं लागतं. स्वतःच्या वावरात स्वतःच्या मालाचं भाडं भरणारा जमीनमालक इथेच भेटेल.

शेवटी छोटा हत्ती भरून माल घरी येतो. खोकी फोडली की मिक्सर यादीप्रमाणे, भांडी मात्र निम्मी, झाकणं दुप्पट. एका भांड्याच्या तळाशी कुणा माउलीची लसणाची चटणी वाळलेली. लॉटशेठ बोटाने खरवडून वास घेतो आणि म्हणतो, “तिखट जास्त झालंय.” मग तक्रार नोंदवतो.

पहिलं उत्तर: फोटो अस्पष्ट आहेत. दुसरं: वजनकाट्यासह व्हिडिओ पाठवा. तिसरं: आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे. प्रत्येक वेळी नवा आवाज, “सर, मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ.” लॉटशेठ म्हणतो, “समझ गया तो कर ना भाई!” तिकडे पुन्हा बासरी. तक्रारींचे नंबर तो लाल चोपडीत उतरवतो. लक्ष्मीपूजनाला चोपडीवर हळदकुंकू पडतं. येणं बाकी असलेली वही ती.

कायदा त्याला तोंडपाठ. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, 2020 चे ई-कॉमर्सचे नियम. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत, निवारण महिन्याच्या आत. पोच अठ्ठेचाळीस सेकंदांत येते, त्यामुळे त्या बाजूने बोलायला जागा नाही. 1915 हा हेल्पलाइनचा नंबर तो जावयालाही पाठ करायला लावतो. पण वकील नेमकं दुखतं तिथे बोट ठेवतो: पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा कायद्याने ग्राहकच नाही, हां, स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर गोष्ट वेगळी. लॉटशेठ लगेच कॉलर खाली करतो, “साहेब, पोटापाण्यासाठीच करतो हो.” त्याच संध्याकाळी हळदीच्या मांडवात तो सोयऱ्यांना सांगत असतो, “आपला लिक्विडेशनचा मोठा कारभार आहे.”

एवढा मनस्ताप, तरी हा लॉट का सोडत नाही? त्याचं मूळ वडिलांच्या धंद्यात आहे. शेती सांभाळून त्यांनी चार माग टाकले होते. ताक्यात डॅमेज निघालं की व्यापारी पैसे कापायचा आणि वडील दलालाला तीन बत्तीला गाठायचे. दलाल आधी ओळख दाखवायचा नाही, मग मुलाबाळांच्या शपथा घ्यायचा, शेवटी मीटरमागे काही पैसे सोडायचा. भजी दोघं एकाच प्लेटमधून खायचे. नुकसान भरून यायचंच असं नाही, भांडण मात्र पुरतं व्हायचं. इथे ऑनलाइन लिलावांची सुरुवात झाली तेव्हाही, 2000 साली बाझी डॉट कॉम निघालं तेव्हा, विकणारा एक माणूस असायचा आणि आधीच्या गिऱ्हाइकांचे शेरे त्याच्या नावापुढे दिसायचे. 2004 मध्ये ती कंपनी ईबेने घेतली, 2018 मध्ये ईबेची इथली साइटही बंद झाली. आता नावच नाही, तर शिव्या घालायच्या कुणाला? लॉटशेठची उपासमार ही आहे.

मध्यंतरी एका लॉटशेठचा फोन खरोखरच माणसाने उचलला, तोही मराठी. पोरगा परभणीकडचा. “काका, अटी वाचल्या नव्हत्या का?” एवढं तो म्हणाला मात्र, लॉटशेठ खुर्चीवरून उठले. “मना नको शिकवू अटी! तुझ्या वयाचे माझे टेम्पो आहेत!” पोरगाही पेटला. “मग टेम्पोलाच विचारायचं होतं! मी काय मालक आहे का इथला? सकाळपासून शिव्याच खातोय!” अर्धा तास दोन्हीकडून दणक्यात चाललं. शेवटी लॉटशेठने विचारलं, “जेवलास का रे?”

पैसा एकही परत मिळाला नाही. फोन ठेवल्यावर अभिप्रायाचा मेसेज आला. आपली समस्या सुटली का? लॉटशेठने दाबलं, नाही. मग पाचपैकी पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘पोरगा भांडायला चांगला आहे, पगार वाढवा.’