आमच्या घाटाखाली

जावयाला नावं ठेवू नयेत म्हणतात. आमच्या भाऊजींना ठेवायची गरजच पडली नाही. गावानं परस्पर ‘घाटाखाली’ ठेवून टाकलं. बुलढाणा जिल्हा अर्धा घाटावर, अर्धा घाटाखाली. अमडापूर वर, भाऊजींचं पूर्णाकाठचं गाव खाली. हा भूगोल त्यांनी न शिकवलेला माणूस आमच्या गल्लीत नाही.

वैशाखात घाम पुसावा, तर, “हे काय ऊन? ऊन आमच्या घाटाखाली!” रेल्वे? “मलकापूर, नांदुरा, शेगाव!” रूळ जणू यांच्या आजोबांनी टाकले. खामगाव–जालना रेल्वे चिखलीवरून जाणार, हे ऐकत आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, बोलणार काय? पावसाचा विषय काढायचीही सोय नाही. अक्षय्य तृतीयेची घटमांडणी भेंडवळची, म्हणजे आमच्या वावरातला पाऊसही त्यांच्याकडूनच सुटणार. एकदा नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती काढला, तेव्हा मात्र आजी म्हणाली, “आमची बल्लाळदेवी टेकडीवर बसलीय जवाईबापू. टेकडी धरून मोजा.”

जेवताना वरणाची तिसरी वाटी संपवून ढेकर देतात. “पण तूर आमच्या घाटाखालची!” मग निघताना आमच्या विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन गाडीला बांधतात. म्हणे, घाटात इंजिन तापतं. गाडी मोटारसायकल. तिला पाणी कुठून पाजतात, हे जावयाला विचारायचं कुणी?

मागच्या उन्हाळ्यात ताईकडे गेलो. तो सगळा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यात डाळ कुकरातसुद्धा हट्ट धरून बसलेली. ताई कातावली होती. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, “कॅनातलं टाक ना! आमच्या अमडापूरच्या पान्यात कशी लोन्यावानी शिजते! अन् तिथचा संध्याकायचा वारा? इथं पंख्याखाली बसून मरा लेकहो!”

मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला बरं वाटलं. पण ते कबूल करणं जिवावर येतं.

त्यांच्या थोरल्या भावानं मला बाजूला घेतलं. चेहरा अगदी आमच्या आजीसारखा त्रासलेला.

“लग्न झालं तवापासून ऐकून राह्यलो, आमचं अमडापूर, आमचं अमडापूर! पाहुणे, खरं सांगा, असं हाये तरी काय हो तुमच्या गावात? अन् एवढंच असन, तर ठेवून घ्या ना याले तिकडंच!”